शंभराच्या आत

केडगाव,
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

चि. मोनिकास,
दादांचा आशीर्वाद.

नावाच्या आधी खाडाखोड दिसतेय, तिकडे लक्ष देऊ नकोस. तुझ्या नावाआधी 'सौ.' लिहायची हाताला सवय. लिहून झाल्यावर लक्षात आलं. 'श्रीमती' लिहायला हात वळेना, म्हणून नुसतं नाव ठेवलंय. दुसरा कागद घेता आला असता, पण एका अक्षरापायी अख्खा कागद फुकट घालवायचा, हे भिंगारच्या कॅम्पात जन्मभर स्टोअर सांभाळलेल्या माणसाकडून होत नाही.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे थंडीनं धरलेत. तुझ्याशी फोनवर बोलताना ती सांगत नाही, म्हणून मी सांगतोय. मी सांगितलं म्हणून तिला सांगू नकोस. तुझी कंपनीची बस आता घराजवळ थांबते की अजून सुप्याच्या चौकातच सोडते?

तुझ्या वडिलांचा फोन येऊन गेला हे तुला माहीत असणारच. गोरक्षनाथराव बिचारे जपून बोलत होते. म्हणाले, "दादा, पोरगा शिरूरचा हाय. ओंकार नाव. मोनिकाच्याच कंपनीत हाय. पैली बायको वारली त्याची. मानूस सरळ हाय. पन पोरगी म्हंती, दादा व्हय म्हनले तरच. न्हाईतर हा इषय पुन्ना काढू नका." मी म्हणालो, "कळवतो. इकडं लाइट गेलीय." आणि फोन ठेवला. लाइट गेली नव्हती. आणि लाइट गेल्यावर मोबाईल बंद पडत नाही, हे त्यांनाही कळत असणार.

ते कळवायचं म्हणूनच लिहायला बसलोय. पण आधी घरची खबर सांगतो.

आपलं विजेचं बिल फार कमी आलं. दिवाळीनंतरच्या महिन्याचं. चौऱ्याहत्तर युनिट. तुला आठवत असेल, पार्थनं या एका गोष्टीवरून घर कसं डोक्यावर घेतलं होतं. शंभर युनिटपर्यंत एक दर, शंभराच्या पुढच्या युनिटला दुपटीच्या वर. "दादा, आपलं घर शंभराच्या आत आणायचं." जेवताना तेच, झोपताना तेच. आधी बल्ब बदलले. मग फ्रिज. मग एके दिवशी मोठमोठी खोकी घेऊन आला आणि घरातले सगळे पंखे काढायला लागला. त्यातला एक माझ्या लग्नातला, मामानं आहेर केलेला, तेव्हापासून विनातक्रार फिरत होता. मी म्हणालो, "चालू पंखा काढून नवा लावणारा तू जगातला पहिला शहाणा." तो स्टुलावरूनच म्हणाला, "दादा, हा पंचाहत्तर वॉट खातो, नवा अठ्ठावीस. हा फुकटात मिळालाय असं तुम्हाला वाटतं, पण दर महिन्याला आहेर तुम्हीच करताय." तू खाली स्टूल धरून उभी होतीस आणि हसू दाबत होतीस. मी पाहिलं होतं.

गाडीचंही तसंच. विजेवरची, बिनआवाजाची गाडी म्हणजे काय गाडी, असं माझं मत. माझी जुनी स्कूटर लाथ घातल्याशिवाय सुरू व्हायची नाही आणि सुरू झाली की गल्लीला कळायचं. पार्थ म्हणायचा, पेट्रोल टाकून सुप्याला एकदा जाऊन यायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात ही आठवडाभर पळते. मी म्हणालो, आधी किंमत बघ. तर म्हणे, "किंमत एकदाच बघायची दादा, खर्च रोज बघायचा." जास्तीचे पैसे तीन वर्षांत वसूल, त्यानंतर सगळं फुकट. बाईच्या नावावर घेतली तर कर्जाला व्याज कमी, म्हणून तुझ्या नावावर घेतली. तुम्ही दोघं डबे घेऊन सकाळी त्या गाडीवर निघालात की दार लागल्याशिवाय कळायचंच नाही की गेलात.

ती गाडी रोज घरी चार्ज करायची, वर सहा माणसांचं पाणी तापावं एवढा तुमचा गिझर, मग कसलं शंभराच्या आत. दर बिलाला मी पार्थची चेष्टा करायचो. शेवटी त्यानं पैज लावली. "ज्या महिन्यात शंभराच्या आत येईल, त्या महिन्यात तुम्ही ही गाडी चालवायची. देवीच्या देवळापर्यंत जाऊन यायचं, सगळ्या केडगावानं बघितलं पाहिजे. कबूल?" मी म्हणालो कबूल. घरात चार माणसं, मला काळजीच नव्हती.

तर चौऱ्याहत्तर आलं.

आता गंमत ऐक. आपल्या पलीकडचे गहिनीनाथ पवार, त्यांच्या हातात पोस्टमननं चुकून आपलं बिल दिलं. ते बघून त्यांचे डोळेच फिरले. दारात येऊन म्हणाले, "दादा, चौऱ्याहत्तर? आमचं लई झालं तरी दोनशेच्या खाली येत न्हाई. काय केलं काय तुमी?" मी म्हणालो, पंखे बदलले. त्या माणसानं आठवड्यात घरभर तसेच पंखे बसवले. पुढचं बिल आलं तसा पुन्हा दारात. "पंखं तर त्येच घेतले. कमी झालं, न्हाई असं न्हाई, पन एवढुसंच. तुमी आनखी काहीतरी केलंय, सांगत न्हाई." मी म्हणालो, फ्रिजपण बदला.

मी दुसरं काय सांगणार होतो.

आई हाक मारतेय. बाकीचं नंतर लिहितो.

गुरुवार

पत्र तसंच पडून होतं. तुझ्या वडिलांना अजून कळवलेलं नाही. आईनं एकदा विचारलं, मी म्हटलं, लिहितोय. ती म्हणाली, "लिहिताय का बिलाची गोष्ट सांगताय?" तिनं कागद वाचला नाही, तिला नुसतं माहीत असतं.

काल एक मुलगा आला होता. ओम नाव. सोलर बसवणाऱ्यांचा माणूस. दारात उभा राहून म्हणाला, "पार्थ सर आहेत का?" पार्थनं सरकारी योजनेत छतावरच्या सोलरसाठी नाव घातलं होतं, ते आम्हाला माहीतच नव्हतं. त्याचा नंबर आता लागला. मी म्हणालो, "नाहीत." तो म्हणाला, "किती वाजेपर्यंत येतील?" मी त्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि म्हणालो, "काय विचारायचं ते मला विचार." बाकी काही सांगितलं नाही. डेंग्यू झाला, आठवड्यात संपलं, हे आता मला इतकं सपाट सांगता येतं की ऐकणाराच घाबरतो. म्हणून मी सांगायचं टाळतो.

त्यानं छत बघितलं, सावली कुठली पडते ते बघितलं, खाली येऊन बसला. "घरात माणसं किती?"

मी म्हणालो, "चार."

मी खोटं बोललो नाही मोनिका. विचारलं, तोंडातून आलं. रेशनकार्डावर चार आहेत, नळाच्या फॉर्मावर चार आहेत. आतून आई म्हणाली, "दोन." एवढंच म्हणाली. तव्यावर भाकरी होती, ती उलटल्याचा आवाज आला. ओमनं माझ्याकडे बघितलं, मी कॅलेंडरकडे बघितलं. त्यानं कागदावर काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

मग त्यानं मागची बिलं मागितली. हुशार मुलगा आहे. म्हणाला, "काका, एक कळत नाही. दिवाळीनंतर चौऱ्याहत्तर आणि त्याच्या पुढच्या महिन्यात चौऱ्याण्णव. ऐन थंडीत वाढलं कशानं? हीटर घेतला का?"

मी म्हणालो, काही नाही. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "वरचा पंखा. रातंदिस चालू हाय."

आता तुला सांगतो, कारण कुणाला तरी सांगायला हवं. चौऱ्याहत्तरचं बिल आलं तेव्हा मी ते वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. पार्थ गेला तेव्हा बिल उतरलं होतं, पण शंभराच्या वरच होतं. तू होतीस. तू रात्री वर जाग्रण करायचीस, दिवा असायचा, सकाळी गिझर असायचा. वर्षश्राद्धानंतर तू म्हणालीस, चार दिवस सुप्याला माहेरी राहते, तिथून कामावर जाणं सोपं पडतं. मी म्हणालो, राहा. चार दिवसांचा महिना झाला, आणि मग चौऱ्याहत्तर आलं. म्हणजे तू परत येणार नाहीस हे मला आधी बिलानं सांगितलं. तुझ्या वडिलांचा फोन नंतर आला.

मी वर गेलो आणि तुमच्या खोलीतला पंखा लावला. बाहेर पडताना दार ओढून घेतलं आणि पंखा तसाच ठेवला. ज्या माणसानं तुम्हा सगळ्यांच्या मागे फिरून आयुष्यभर 'बटण बंद करा, बटण बंद करा' केलं, त्यानं. मला वाटलं, पुढचं बिल शंभराच्या वर जाईल. म्हणजे घर आधीसारखं दिसेल. निदान कागदावर. आणि पैज लागू होणार नाही, गाडी रस्त्यावर काढावी लागणार नाही.

त्या बिलाचा अख्खा महिना पंखा फिरला आणि वाढले किती, तर वीस युनिट. पार्थनं पंखाच असा आणला होता. शंभराच्या वर काही जाऊ दिलं नाही त्यानं.

मला वाटत होतं आईला पत्ता नाही. ती गुडघ्यांमुळे जिना चढत नाही. पण तिला खालून ऐकू येत होतं म्हणे. इतके दिवस ऐकत होती आणि बंद करा म्हणाली नाही.

ओम बिलांची घडी घालत म्हणाला, "काका, खरं सांगू? दोन माणसं आणि एवढं बिल, तर सोलर तुम्हाला परवडणार नाही. सबसिडी धरली तरी वसूल व्हायला फार वर्षं जातील. वापर असेल तरच फायदा." विकायला आलेला पोरगा नको म्हणतो, तेव्हा त्यात खोट नसते. चहा पिऊन गेला. जाताना चप्पल घालता घालता आईच्या पाया पडला, तेही उगाचच.

तो गेल्यावर मी बसून राहिलो. त्याचं बरोबर होतं. पार्थची सगळी गणितं बरोबर होती, नवा पंखा पैसे वाचवतो, गाडी पैसे वाचवते. फक्त त्यासाठी पंख्याखाली माणूस पाहिजे आणि गाडीवर माणूस पाहिजे. रिकाम्या खोलीत मी तो फिरवला तर वीस युनिट नुसतेच गेले.

आणि मग मला गाडी दिसली. ती पोर्चमध्ये झाकून ठेवलेली आहे. तू पार्थनंतर तिला हात लावला नाहीस, बसनं जायला लागलीस, मी काही बोललो नाही. पण बॅटरी वापराविना पडून राहिली की मरते, असं पार्थ सांगायचा, म्हणून मी दर रविवारी तिला चार्जिंगला लावत आलोय. कुणी न चालवणाऱ्या गाडीला. चौऱ्याहत्तरमधले दोन-चार युनिट तिचे आहेत. आई म्हणते, तुम्हाला रडू का येत नाही हो. तिला येतं, मला येत नाही. माझं त्या गाडीसारखं झालंय, चालू आहे की बंद, आवाजावरून कळत नाही.

आज सकाळी कव्हर काढलं. पैज हरलो होतो, दोन महिने लपवत होतो. गाडी पुसली आणि देवीच्या देवळापर्यंत नेली. काय सांगू, मी चावी फिरवली, काही आवाज नाही, बंदच आहे असं समजून मूठ पिळली, तर गेली की सरळ. भाजीवाल्या मालनबाईच्या गाड्यापाशी कसाबसा थांबलो. ती म्हणाली, "दादा, या वयात?" मी म्हणालो, पैज हरलो. कुणाशी ते तिनं विचारलं नाही. केडगावात सगळ्यांना सगळं माहीत आहे, फक्त माझ्यासमोर कुणी बोलत नाही. येताना गहिनीनाथ फाटकात उभे होते. त्यांना म्हणालो, "फ्रिज बदलू नका. आमच्या घरातली दोन माणसं कमी झालीत, म्हणून बिल कमी आहे." ते म्हणाले, "म्हाईत हाय दादा. मीच येड्यावानी इचारत बसलो." आणि गाडी पोर्चमध्ये चढवायला त्यांनी मागून हात लावला.

एकदा ते तोंडातून गेल्यावर बाकीचं लिहिणं सोपं झालं. आता कळवतो.

तू तुझ्या वडिलांना सांगितलंस, दादा हो म्हणाले तरच. असं का सांगितलंस म्हणून मला आधी तुझा राग आला. हे ओझं माझ्यावर कशाला टाकलंस? नंतर कळलं की तू मान ठेवलास. मी फोन ठेवला तो तुझ्या लग्नाला विरोध म्हणून नाही. तू आहेस तोवर या घरात पार्थची जागा आहे असं मला वाटत होतं. कुणी विचारलं तर 'सून सुप्याला आहे, कामावर आहे' असं सांगता येत होतं. तू दुसऱ्या घरी गेलीस की तो पुरता गेला, असं मला वाटतं. तू जावंस असं मला वाटत नाही. हे एकदा लिहून टाकतो, म्हणजे खोटेपणा राहणार नाही. मला तू इथे हवी आहेस.

पण हवी आहेस म्हणून अडकवून ठेवायचं, तर ते वरच्या पंख्यासारखंच झालं. आई तर केव्हाच म्हणाली होती, "पोरीचं वय काय हाय अजून. तिला आपल्या दुखाची राखन बसवू नका." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

माझी हरकत नाही. नुसती हरकत नाही असं नाही, माझं हो आहे. गोरक्षनाथरावांना मी आज संध्याकाळी फोन करतो, आणि लाइट गेली असं सांगणार नाही.

पुढच्या रविवारी, पंधराला, महाशिवरात्र आहे. त्या दिवशी मी गाडी घेऊन सुप्याला येतो. ती तुझ्या नावावर आहे, हप्ते तूच भरलेस, तुझ्या दारात उभी राहू दे. मी चाळिसाच्या वर नेणार नाही आणि डाव्या कडेनं येईन, काळजी करू नकोस. ओंकाररावांना चालवता येत असेल तर चालवू दे, नाही तर तू चालव. शिरूरहून कंपनीत जायला-यायला तिचा उपयोग होईल. तीन वर्षं यंदा पुरी होतील. त्यापुढचं सगळं फुकट, पार्थ म्हणायचा. ते फुकट तुला मिळू दे. परत मी एसटीनं येईन, आता मला अर्ध्या तिकिटात बसता येतं. तेवढ्यात ही गाडीसुद्धा पळत नसेल, पार्थ असता तर त्यानं हिशेब काढला असता.

मी आलो की या विषयावर काही बोलू नकोस. पाया पडू नकोस, रडू नकोस, मला ते जमणार नाही. खिचडी वाढ, उपास आहे. गाडी कुठे लावायची ते दाखव. चार्जिंगची जागा सावलीत बघून ठेव.

वरचा पंखा मी आज बंद केला. बटण दाबल्यावर बराच वेळ फिरत राहतो तो, तुला माहीत आहे. थांबेपर्यंत मी उभा होतो.

लग्नाची तारीख ठरली की कळव. आम्ही दोघं येऊ की येऊ नये ते तुझ्या सासरची मंडळी ठरवतील. नाही बोलावलं तरी राग नाही. आडनाव काय लावणार तेही कळव, कारण यापुढचं पत्र मी 'चि. सौ.' लिहूनच सुरू करणार आहे, आणि तेव्हा खाडाखोड होणार नाही.

पत्राच्या शेवटी काय लिहायचं याचा मघापासून विचार करत होतो. मागची सगळी पत्रं आठवली. 'तुझे सासरे' असं मी कधी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे खाली काही खोडावं लागत नाही.

— दादा